इम्युनिटी 'वाढवायची' कशाला?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक पोस्टर फिरतं. वर तुळशीचं पान, मध्ये ढाल, ढालीवर आपटून परत जाणारे काटेरी गोळे, आणि खाली जाड अक्षरात: 'इम्युनिटी वाढवा!' त्याखाली कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकतं, कुणीतरी काढ्याची रेसिपी टाकतं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी ओळखीतल्या बाटलीचा रेट येतो. दोन घेतल्या तर डिलिव्हरी फ्री.

मी भाईंदर पूर्वेला राहते. इंजिनीअरिंग केलंय, पोटासाठी कोड लिहिते. डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजीही शिकलेले नाही. पण या पोस्टरशी माझं जुनं भांडण आहे. आज ते नीट मांडायचंय, आणि साक्षीदार म्हणून बॅक्टेरियांना बोलवायचंय. हसू नका. या विषयातला त्यांचा अनुभव आपल्या सगळ्यांपेक्षा काही अब्ज वर्षांनी जास्त आहे.

आधी भांडणाचं कारण. माझ्या आईला आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. म्हणजे इम्युनिटी कमी पडली म्हणून झालेला हा आजार नाही. नको तिथे, नको तितकी चालली म्हणून झालेला आहे. त्यावर तिला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. दोन्ही गोळ्या त्या प्रतिकारशक्तीला आवरतात.

मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडच्या प्रतिबंधासाठी सुचवलं. ते होतं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि रुग्णाच्या घरातल्या माणसांसाठी, पण आठवड्याभरात ज्याला त्याला ती गोळी हवी झाली. ज्यांना ती कायमची लागते, त्या आमवाताच्या आणि ल्युपसच्या पेशंटना मात्र ती मिळेना. मी भाईंदरची चार-पाच मेडिकल पालथी घातली. एकाने अर्धी स्ट्रिप दिली, तीही ओळखीवर.

दुसरी गोळी घरात होती. पण तिच्यामागे ग्रुप लागला. "वहिनी, त्या गोळीने इम्युनिटी कमी होते. अशा दिवसांत कोण घेतं? बंद करा, काढा सुरू करा." सांगणाऱ्या काकू वाईट नाहीत. लॉकडाउनमध्ये त्यांनीच आम्हाला दूध आणून दिलं होतं. आईने मला न सांगता मेथोट्रेक्सेट बंद केली आणि काढा सुरू केला. मे महिन्यात एका सकाळी तिला चहाचं पातेलं उचलता येईना. मनगटं सुजून लाल झाली होती. डॉक्टरांनी फोनवर औषध पुन्हा सुरू केलं, पण हात पूर्ववत व्हायला पावसाळा उलटला. उजव्या हाताचं एक बोट आजही पूर्ण मिटत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रिस्परच्या जनुकीय कात्रीसाठी एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. सगळीकडे एकच गोष्ट: डीएनए कापायची कात्री, आता माणूस काय काय करणार! ही कात्री मुळात कुणाची, हे एका ओळीत उरकलं जात होतं: 'बॅक्टेरियांची प्रतिकारशक्ती'. मी त्या एका ओळीपाशी अडकले. बॅक्टेरियांना प्रतिकारशक्ती असते? मग ते ती 'वाढवतात' का?

उत्तर शोधत गेले, आणि ते आमच्या ग्रुपवरच्या पोस्टरच्या बरोबर उलटं निघालं.

बॅक्टेरियांवर हल्ला करणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरियोफेज म्हणतात, लाडाने फेज. पृथ्वीवर त्यांची संख्या एकावर एकतीस शून्यं इतकी असावी असा अंदाज आहे. बॅक्टेरियांपेक्षा जास्त. फेज पेशीला चिकटतो, आपलं डीएनए आत सोडतो, पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती छापून घेतो आणि अनेकदा अर्ध्या-पाऊण तासात पेशी फोडून बाहेर पडतो. अशा शेजारात राहणाऱ्याने तरी इम्युनिटी फुल्ल व्हॉल्यूमवर ठेवायला हवी ना? पोस्टरचं लॉजिक जगात कुठे खरं ठरायचं, तर इथे. पण इथेही ते खरं ठरत नाही.

सगळ्यात जुनं शस्त्र बघा. १९६० च्या दशकात लक्षात आलं की काही बॅक्टेरिया बाहेरून आलेलं डीएनए ठरावीक खुणांवर कापतात. कापणारी प्रथिनं म्हणजे रिस्ट्रिक्शन एन्झाइम. या कामासाठी व्हर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं. पण त्या खुणा बॅक्टेरियाच्या स्वतःच्या डीएनएवरही असतात. मग स्वतःचं डीएनए कसं वाचतं? दुसरं एक एन्झाइम त्या खुणांवर मिथाइलचा शिक्का मारून ठेवतं. शिक्का आहे तो आपला, नाही तो परका.

आता समजा हे शिक्का-कात्रीचं पॅकेज एका नव्या बॅक्टेरियात शिरलं. तिथे कशावरच शिक्का नाही. कात्री आधी तयार झाली तर घरमालकच मेला. म्हणून अशा बऱ्याच यंत्रणांमध्ये एक तिसरं प्रथिन असतं, कंट्रोलर. ते हळूहळू साठतं आणि पुरेसं साठल्यावरच कात्रीचं जनुक जोरात चालू करतं. तोवर शिक्के मारून झालेले असतात. आमच्या धंद्यात याला डिप्लॉयमेंटचा क्रम म्हणतात: आधी व्हाइटलिस्ट भरा, मग फायरवॉल चालू करा. माझ्या एका जुन्या नोकरीत आम्ही घाबरून हा क्रम उलटा केला होता. एक किरकोळ हल्ला परतवताना स्वतःच्याच ग्राहकांची पेमेंट्स रात्रभर अडवली. हल्लेखोराने जितकं नुकसान केलं नसतं, तितकं आमच्या संरक्षणाने केलं.

मग क्रिस्पर. त्याची गोष्ट मला जवळची वाटते, कारण तिचा एक धागा मिठागरातून येतो. आमच्याकडे लोकलच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. स्पेनमध्ये अलिकांतेजवळ सांता पोला इथेही मिठागरं आहेत. तिथल्या खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांच्या डीएनएमध्ये फ्रान्सिस्को मोहिका यांना पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दिसले, ते १९९३ मध्ये. (आर्किया दिसायला बॅक्टेरियासारखे, पण वेगळ्या घराण्यातले.) त्याआधी १९८७ मध्ये जपानमध्ये योशिझुमी इशिनो यांच्या गटाला ई. कोलाय या बॅक्टेरियात तसंच काही दिसलं होतं. त्या तुकड्यांच्या मधला मजकूर विषाणूंच्या आणि इतर परक्या डीएनएशी जुळतो, हे मोहिकांनी २००५ मध्ये मांडलं. आणि २००७ मध्ये योगर्टच्या विरजणातल्या बॅक्टेरियावर डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी सिद्ध केलं, की विषाणूचा तुकडा या यादीत जमा झाला की बॅक्टेरिया त्या विषाणूला पुरून उरतो.

म्हणजे क्रिस्पर ही पोलीस स्टेशनातली फोटोंची वही. जुन्या गुन्हेगारांचे तुकडे चिकटवलेले, आणि कॅस नावाची प्रथिनं ती वही घेऊन गस्तीवर.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक लेखांत येते. पुढची क्वचितच येते, आणि माझा मुद्दा पुढेच आहे.

प्रयोगशाळांमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा ई. कोलाय, त्याचं नाव के-१२. त्याच्याकडे क्रिस्पर आहे. पण साध्या परिस्थितीत ते जवळजवळ बंद असतं. एच-एनएस नावाचं प्रथिन त्या जनुकांवर बसून त्यांना गप्प ठेवतं. ते हटवलं की यंत्रणा जागी होते. शस्त्र घरात आहे, पण कपाटात, कुलूप लावून.

दुसरं उदाहरण सेराशिया आणि स्यूडोमोनास यांचं. हे बॅक्टेरिया आजूबाजूला आपल्यासारखे किती आहेत ते रासायनिक इशाऱ्यांवरून मोजतात. २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामांतून दिसलं, की गर्दी वाढली की ते क्रिस्परची पातळी वाढवतात आणि पांगल्यावर उतरवतात. बरोबरच आहे. साथ गर्दीत पसरते. विरारची ८.१५ ची लोकल आणि रविवार दुपारचा रिकामा डबा यांत धोका सारखा नसतो, हे त्या एका पेशीला कळतं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस. जगभर वापरली जाणारी कॅस-९ ची कात्री याचीच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोशुआ मॉडेल यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की या बॅक्टेरियात एका आरएनएची लांब आवृत्ती असते. ती कॅस-९ ला धरून कॅस-९ च्याच जनुकाच्या सुरुवातीला नेऊन बसवते. जुळणी मुद्दाम अपुरी असते, त्यामुळे कात्री तिथे बसते पण कापत नाही. ती नुसती वाट अडवते. म्हणजे कात्री स्वतःचंच उत्पादन रोखून धरते.

तो ब्रेक संशोधकांनी काढून टाकला. विषाणूविरुद्ध नवी नोंद करून प्रतिकार मिळवण्याचं प्रमाण ३,००० पट वाढलं.

तीन हजार पट! कुठल्याही बाटलीवर छापायला याहून भारी आकडा नाही. मग बॅक्टेरियाने हा ब्रेक काढून का नाही टाकला? कारण त्याच प्रयोगात दुसरी गोष्टही दिसली: ब्रेक नसलेल्या पेशींवर स्वतःच्याच शस्त्राचे घाव वाढले. वहीत परक्यांऐवजी घरच्यांचे फोटो चिकटले, की कात्री घरच्यांवर फिरते. म्हणजे माझ्या आईच्या मनगटात जे होतं त्याचंच एका पेशीतलं रूप.

आणि हे फक्त प्रयोगशाळेतलं नाही. २०१० मध्ये बॅक्टेरिया आणि आर्किया यांच्या जीनोमच्या पाहणीत दिसलं, की क्रिस्परच्या वहीतल्या साधारण २५० नोंदींपैकी एक स्वतःच्याच डीएनएशी जुळते. वही लिहिताना चुका होणारच. म्हणून ती कमी लिहायची आणि जपून उघडायची.

हा ब्रेक अलार्मचंही काम करतो. काही फेज कॅस-९ ला निकामी करणारी प्रथिनं सोबत आणतात. पण कॅस-९ निकामी झाला की तो स्वतःला रोखूही शकत नाही. मग ब्रेक सुटतो आणि पेशी नव्या कॅस-९ चा लोंढा सोडते, असं त्याच गटाने पुढे दाखवलं. शत्रूने पहारेकऱ्याचं तोंड दाबलं की त्या शांततेनेच कुमक बोलावली जाते. इतकी नाजूक व्यवस्था ज्याने बनवली, तिथे आपण 'वाढवा' एवढा एकच शब्द घेऊन जातो.

शेवटची साक्ष. एन्टेरोकॉकस हा आपल्या आतड्यात राहणारा बॅक्टेरिया. हॉस्पिटलमध्ये त्याच्या काही जाती अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. २०१० मध्ये लक्षात आलं की अशा बहुऔषधरोधक जातींमध्ये पूर्ण क्रिस्पर बहुधा नसतंच. कारण क्रिस्पर परकं डीएनए अडवतं, आणि अँटिबायोटिकपासून वाचवणारी जनुकंही परक्या डीएनएवरूनच येतात. ज्याची दारं पक्की बंद होती, त्याच्याकडे ती मदत पोचण्याची शक्यताच कमी होती. आपल्यासाठी ही वाईट बातमी आहे, पण हिशोब स्पष्ट आहे: प्रतिकारशक्ती फुकट मिळत नाही. जगातल्या निम्म्याहून जास्त बॅक्टेरियांकडे क्रिस्पर नाहीच, आणि तरी ते जगतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, बॅक्टेरिया एका पेशीचा. माणसाचं काय? मान्य, एका पेशीवरून उडी मारून माणसाला औषध सांगता येत नाही, आणि मी सांगतही नाही. पण नातं नुसतं उपमेचं नाही. आपल्या पेशीत सीगॅस नावाचं एक प्रथिन आहे. डीएनए भलत्या जागी दिसलं की ते धोक्याची घंटा वाजवतं. त्याच घराण्यातली प्रथिनं बॅक्टेरियांमध्ये फेजविरुद्ध तेच काम करतात. तिथे घंटा वाजली की पेशी स्वतःला संपवते, म्हणजे शेजारी वाचतात. ही घंटा आपल्याला त्यांच्याकडून वारशाने आली असावी, असं आज मानलं जातं. आणि पेशीतलं भटकं डीएनए साफ करणारं ट्रेक्स-१ हे जनुक बिघडलं, तर ही घंटा आपल्याच डीएनएवर वाजत राहते. मग लहान मुलांच्या मेंदूला इजा करणारा ऐकार्डी-गुतिएर हा आजार होऊ शकतो. त्या मुलांची इम्युनिटी कमी नसते. ती थांबत नाही.

आणि पुरावा दूर कशाला शोधायचा? सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण असे मिळाले, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि ज्यांनी इम्युनिटीसाठी गुळवेल घेतली होती. डॉ. आभा नागरळ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. इजेचं रूप स्वयंप्रतिकाराच्या हिपॅटायटिससारखं होतं. म्हणजे शरीर स्वतःच्याच यकृतावर उठलेलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की रुग्णांनी नेमकी कुठली वनस्पती घेतली याची तपासणी नीट झालेली नाही. हरकत ऐकायला हवी. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांचा अहवाल आला, आणि निष्कर्ष तोच: गुळवेलीने असा आजार सुरू होऊ शकतो, किंवा आत दबून असलेला वर येऊ शकतो.

माझं भांडण आयुर्वेदाशी आहे असं समजू नका. आजीच्या हळदीच्या दुधाशी तर मुळीच नाही. घसा दुखतोय, गरम काहीतरी प्या, बरं वाटेल. भांडण आहे ते 'बूस्टर' या शब्दाशी. हा शब्द बाजाराने आणला. २०२० मध्ये हळदीच्या आइस्क्रीमपासून मिठाईपर्यंत सगळ्यावर तो चिकटला. तो असं भासवतो की प्रतिकारशक्ती म्हणजे मोबाइलची बॅटरी: जितके टक्के जास्त तितकं बरं. आणि जर एखादी वनस्पती खरोखर प्रतिकारशक्ती चाळवण्याइतकी ताकदवान असेल, तर ती औषध झाली. मग डोस किती, कुणी घ्यायची नाही, कधी थांबायचं, हे प्रश्न आलेच. एकाच श्वासात 'खूप प्रभावी' आणि 'काहीही अपाय नाही' असं म्हणता येत नाही. दोन्हीपैकी एक खोटं असणार.

"मग लस पण नको का?" हा प्रश्न मला ग्रुपवर खरंच विचारला गेला. उलट, लस हाच माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. त्या लशीत प्लेगचे मारलेले जंतू होते. म्हणजे एका ठरावीक गुन्हेगाराचा फोटो. लस आवाज वाढवत नाही, वहीत एक अचूक पान जोडते. योगर्टमधला बॅक्टेरिया विषाणूचा तुकडा जपून ठेवतो, तोही याच जातीचा शहाणपणा. शिकवणं वेगळं आणि भडकवणं वेगळं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'इम्युनिटी वाढवा' म्हणालं, की तीन प्रश्न विचारा. कुणाविरुद्ध? किती वेळ? आणि थांबवणार कोण? बॅक्टेरियाकडे या तिन्हींची उत्तरं आहेत: वहीत नोंद असलेल्याविरुद्ध, गर्दी किंवा हल्ला असेपर्यंत, आणि थांबवायला कात्री स्वतः. बाटलीच्या लेबलवर यातलं एकही उत्तर नसतं.

आणि तुमच्या घरात, मजल्यावर, ऑफिसात कुणी आमवाताची, ल्युपसची, सोरायसिसची, बदललेल्या किडनीची गोळी घेत असेल, तर कृपा करून त्यांना 'ती इम्युनिटी कमी करते' असं घाबरवू नका. ती गोळी म्हणजे त्यांचा हरवलेला ब्रेक आहे. शंका असेल तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.

या जूनमध्ये पोस्टर पुन्हा आलं. या वेळी मी खाली हेच सगळं लिहिलं, अर्थात थोडक्यात. दोन जणांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं की मग कुठला काढा घ्यायचा. काकूंनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टमध्ये भेटल्या. मजला येईपर्यंत गप्प होत्या, मग म्हणाल्या, "अगं, तेव्हा आईला मीच सांगितलं होतं ना?"

मी हो म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

त्या म्हणाल्या, "तिची गोळी कुठल्या वारी असते?"

"रविवारी."

आता दर रविवारी रात्री नऊला आईच्या फोनवर काकूंचा मेसेज येतो. त्यात ढाल नसते, तुळस नसते. नुसतं लिहिलेलं असतं: घेतली का?